‘नुसता पडून असतो’ म्हणण्याआधी

स्नायूंचा आनुवंशिक आजार म्हटले की डोळ्यांसमोर चाकाच्या खुर्चीतला लहान मुलगा येतो. पण या आजारांचे काही प्रकार मोठेपणी, विशी-तिशीत किंवा चाळिशीतही सुरू होतात. ही माणसे चालतात, बोलतात, बाजाराला जातात, लग्नकार्याला येतात. वरवर पाहणाऱ्याला त्यांच्यात फारसे काही वावगे दिसत नाही. मग घरात, शेतात, भावकीत एक वाक्य कानावर पडू लागते : “दिसायला धडधाकट, पण नुसता पडून असतो.”

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. या आजारांतला थकवा खरा असतो, तो आजाराचाच भाग असतो, आणि अनेक रुग्णांना स्नायूंच्या कमजोरीपेक्षा तोच जास्त छळतो. मूळ आजार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही, म्हणून ‘यावर इलाज नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. आजाराबद्दल ते खरे असेल, पण थकव्याबद्दल ते खरे नाही. थकव्यामागच्या कारणांपैकी काही सहज सापडतात आणि त्यांवर उपचार होतात. त्यासाठी कोणीतरी नीट विचारावे लागते.

उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांचा उल्लेख या लेखात पुन्हा पुन्हा येईल. करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या या गावांत दिवस अंगमेहनतीवर चालतो. ऊस, केळी, दुभती जनावरे, मासेमारी. जिथे माणसाची किंमत कामावरून ठरते, तिथे न दिसणारा थकवा फार महाग पडतो.

आजार कोणता?

मोठेपणी दिसणाऱ्या अशा आजारांची नावे बरीच आहेत. त्यातला एक उदाहरण म्हणून घेऊ : मायोटोनिक डिस्ट्रॉफी. पाश्चात्त्य देशांत साधारण आठ हजारांत एकाला तो होतो असे सांगितले जाते. म्हणजे दुर्मीळ खरा, पण मोठ्या माणसांमधल्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारांत तो सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक.

या आजाराची एक खूण अशी की आवळलेली मूठ लवकर सुटत नाही. ऊस तोडताना कोयत्याची मूठ धरली की बोटे तशीच अडकून राहतात. म्हशीची धार काढताना हात आखडतो. वल्हे किंवा जाळ्याची दोरी घट्ट धरली की सोडायला वेळ लागतो. थंडीतल्या पहाटे हे जास्त जाणवते, आणि तीच हालचाल चार-सहा वेळा केली की हात थोडा मोकळा होतो. हळूहळू चेहरा, मान, पंजे आणि पावले यांची ताकद कमी होते. पापण्या जड दिसतात. चालताना पाऊल खाली लोंबते आणि चप्पल निसटते.

पण हा आजार फक्त स्नायूंचा नाही. कमी वयात मोतीबिंदू होतो. हृदयाच्या ठोक्यांचे वहन बिघडते. आतड्यांची हालचाल मंदावते, गिळायला त्रास होतो, साखर वाढण्याची शक्यता असते. मेंदूवरही परिणाम होतो, आणि थकव्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

कारण जनुकात आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. निरोगी माणसात तो साधारण ५ ते ३४ वेळा येतो. ५० च्या पुढे गेला की आजार होऊ शकतो. काहींमध्ये तो हजाराहून जास्त वेळा असतो. हा दोष १९९२ साली सापडला, आणि आता रक्ताच्या तपासणीतून निदान करता येते.

किती जणांना थकवा येतो?

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू आणि नसांचे आनुवंशिक आजार असलेल्या सुमारे ६०० प्रौढांना त्यांनी थकव्याबद्दल विचारले. मायोटोनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णांपैकी ७४ टक्के आणि चेहरा व खांद्याचे स्नायू झिजवणाऱ्या दुसऱ्या एका डिस्ट्रॉफीच्या रुग्णांपैकी ६१ टक्के लोकांना तीव्र थकवा होता. तोही चार दिवसांचा नव्हे, तर कायमचा आणि रोजच्या जगण्यात आडवा येणारा.

म्हणजे दर चारांपैकी तिघे. ज्या देशात उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहाव्या लागत नाहीत, पाणी शेंदावे लागत नाही, तिथले हे आकडे आहेत. चारांपैकी तिघांना असणारी तक्रार म्हणजे स्वभावदोष नव्हे. तो आजाराचा गुणधर्म आहे.

‘दमलो’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे रुग्ण ‘थकवा’ हा शब्द सहसा वापरत नाहीत. ते वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, आणि त्या शब्दांत निम्मे निदान असते. दवाखान्यात मात्र या सगळ्यांवर ‘अशक्तपणा’ असा एकच शिक्का बसतो. तो बसण्याआधी हे शब्द वेगळे करून ऐकले पाहिजेत.

‘हातपाय गळतात, घागर उचलत नाही’ : ही ताकद कमी झाल्याची तक्रार. विश्रांती घेऊनही घागर उचलत नसेल तर तो थकवा नाही, स्नायूची कमजोरी आहे.

‘दम लागतो’ : हा श्वासाचा किंवा हृदयाचा प्रश्न असू शकतो. ‘दमतो’ आणि ‘दम लागतो’ यांत एका अक्षराचा फरक वाटतो, पण तपासण्या पूर्ण वेगळ्या आहेत. आडवे पडल्यावर दम लागतो का, हे आवर्जून विचारावे. श्वासाचा मुख्य पडदा कमजोर झाला की आडवे पडल्यावर त्रास वाढतो.

‘सारखी झोप येते, बसल्या जागी डोळा लागतो’ : मायोटोनिक डिस्ट्रॉफीत हे फार आढळते. पारावर, एसटीत, जेवता जेवताही डुलकी लागते. रात्री श्वास अडत असेल तर असे होते. काही जणांत रात्रीची झोप चांगली होऊनही दिवसा झोप येते, कारण मेंदूतली झोप-जागेपणाची यंत्रणाच बिघडलेली असते.

‘काही करावंसंच वाटत नाही’ : हे उदासीनतेचे लक्षण असू शकते, म्हणजे नैराश्य. पण या आजारात आणखी एक गोष्ट दिसते. माणूस दुःखी नसतो, रडत नाही, पण आपण होऊन कामाला हातच घालत नाही. सांगितले की करतो, न सांगता बसून राहतो. गावात याला सरळ आळस म्हणतात. प्रत्यक्षात तो मेंदूवरच्या परिणामाचा भाग असतो.

‘सकाळी बरं असतं, दुपारी एकदम संपून जातं’ : हा खरा थकवा. ताकद असते, इच्छा असते, पण साठा लवकर आटतो. आणि एकदा आटला की तासाभराच्या विश्रांतीने भरत नाही, कधी कधी दुसरा दिवसही जातो.

एकाच रुग्णात यातल्या दोन-तीन तक्रारी एकत्र असू शकतात. म्हणून तुम्ही रुग्ण असाल तर डॉक्टरांना ‘अशक्तपणा आहे’ एवढेच सांगू नका. वरच्यापैकी काय होते, दिवसाच्या कोणत्या वेळी होते आणि कशाने वाढते, हे सांगा.

हा थकवा येतो कशामुळे?

एक सोपा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, निरोगी माणसाच्या पायांची एकूण ताकद १०० आहे आणि बांधावरून चालायला त्यातली २० लागते. म्हणजे पाचवा हिस्सा. आजारामुळे एखाद्याची ताकद ४० वर आली तर त्याच बांधावरून चालायला त्याची निम्मी ताकद खर्च होते. दोघेही एकत्र चालताना सारखेच दिसतात. पण एक जण फिरतो आहे आणि दुसरा ओझे वाहतो आहे.

त्यात पाऊल लोंबत असेल तर प्रत्येक पावलाला गुडघा जास्त उचलावा लागतो. पडू नये म्हणून डोळे सतत जमिनीवर ठेवावे लागतात. नांगरटीत, चिखलात किंवा धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेरात हा खर्च आणखी वाढतो.

दुसरे कारण श्वासाचे. श्वासाचे स्नायू कमजोर असतील तर रात्री झोपेत श्वास उथळ होतो आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी उठल्यावर डोके दुखते, तोंड कोरडे पडते, झोप झाल्यासारखी वाटत नाही. दिवसभराचा थकवा इथून सुरू होतो.

तिसरे कारण मेंदूचे, ते वर आलेच. आणि चौथे कारण अगदी साधे : या माणसाला इतर चारचौघांसारखे इतर आजारही होतात.

बरा होणारा भाग आधी शोधा

माझा आग्रह इथे सर्वात जास्त आहे. दुर्मीळ आजाराचे नाव एकदा फाइलवर लागले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच नावावर खपवली जाते. मग रक्त कमी आहे, थायरॉइड मंदावला आहे, साखर वाढली आहे, हे कोणी बघतच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे स्नायूंचा आजार असलेल्या बाईला रक्तक्षयही असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त धरायला हरकत नाही. तिचा सगळा थकवा लोहाच्या गोळ्यांनी जाणार नाही, पण एक हिस्सा जाईल. ज्याच्याकडे साठाच थोडा आहे त्याच्यासाठी तो हिस्साही मोठा असतो.

थकवा असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या निदान या गोष्टी तपासाव्यात :

- हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातली साखर, जीवनसत्त्व बी-१२ आणि डी.
- ईसीजी. मायोटोनिक डिस्ट्रॉफीत हा दर वर्षी, काही त्रास नसला तरीही काढावा. चक्कर, बेशुद्धी किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हृदयाच्या ठोक्यांतला अडथळा वेळीच कळला तर पेसमेकरने जीव वाचू शकतो.
- श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी, बसून आणि आडवे पडून. गरज असेल तर झोपेची तपासणी.
- नैराश्याबद्दल सरळ, मोकळेपणाने विचारपूस.
- सध्या चालू असलेल्या औषधांची यादी. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि काही वेदनाशामके सुस्ती वाढवतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी स्नायूंचा त्रास वाढू शकतो. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

यातल्या बहुतेक तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होतात. श्वासाची आणि झोपेची तपासणी, मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला यांसाठी सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते. सोलापूरला छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरपेक्षा जास्त. ही फेरी थकलेल्या माणसासाठी सोपी नाही. म्हणून स्थानिक डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट आधी करून, एका चिठ्ठीत नेमका प्रश्न लिहून रुग्णाला पाठवावे. एका खेपेत काम झाले पाहिजे.

दोन सावधगिरीच्या सूचना. रात्री कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर घरी नुसता ऑक्सिजन लावल्याने धोका वाढू शकतो. अशा वेळी मास्कमधून हवा देणारे बायपॅप यंत्र तज्ज्ञांच्या सल्ल्याने लागते. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी, अगदी मोतीबिंदूच्या किंवा बाळंतपणाच्या वेळीही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार असल्याचे सांगितलेच पाहिजे. या रुग्णांना भुलीची आणि गुंगीची काही औषधे फार जड जातात. आजाराचे नाव लिहिलेला कागद पाकिटात ठेवा.

ताकदीची बाटली

‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ हे वाक्य आपल्या भागात रोज ऐकू येते. सलाइनच्या बाटलीत मुख्यतः पाणी, मीठ किंवा साखर असते. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल तर ती जीव वाचवते. स्नायूंच्या आनुवंशिक आजारातला थकवा मात्र तिने जात नाही. बाटली चालू असताना दोन तास पडून राहायला मिळते, कोणीतरी शेजारी बसते, त्याने बरे वाटते. ते बरे वाटणे खोटे नाही, पण त्यासाठी दर महिन्याला पैसे मोजायची गरज नाही. ते दोन तास घरीच द्या.

ताकदीच्या इंजेक्शनांचेही तसेच. बी-१२ कमी असेल तर बी-१२ द्यावे. कमी नसताना दिले तर स्नायूला त्याचा उपयोग नाही.

दिवसाच्या अनावर झोपेसाठी मोडाफिनिलसारखे औषध काही रुग्णांना देतात, मूठ सुटण्यासाठी मेक्सिलेटिन देतात. दोन्ही औषधे हृदयाची तपासणी करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. मेडिकलमधून परस्पर आणायची ही औषधे नाहीत.

आराम करायचा की व्यायाम?

गावात दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, “हलूच नकोस, आहे ती ताकद जपून ठेव.” दुसरा म्हणतो, “घाम गाळ, आपोआप अंगात येईल.” दोन्ही चूक आहेत. नुसते पडून राहिल्याने आजाराने न झिजलेले स्नायूही वापराविना सुकतात, वजन वाढते आणि थकवा वाढतो. उलट अंगाबाहेरचे काम केले तर पुढचे दोन दिवस वाया जातात.

मधली वाट अभ्यासांतून दिसली आहे. २०१८ साली ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या चार देशांत मिळून झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र थकवा असलेले मायोटोनिक डिस्ट्रॉफीचे २५५ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत दहा महिने समुपदेशन मिळाले : झोपेची वेळ, दिवसाची आखणी, थकव्याबद्दलचे विचार, आणि हळूहळू वाढवत नेलेली हालचाल. दुसऱ्या गटातल्यांची रोजची कामे करण्याची क्षमता काही प्रमाणात वाढली. त्याआधी २०१४ साली चेहरा-खांद्याच्या डिस्ट्रॉफीच्या रुग्णांवरही असाच अभ्यास झाला. सायकलसारखा दमसासाचा व्यायाम केलेल्यांचा आणि समुपदेशन घेतलेल्यांचा, दोघांचाही थकवा कमी झाला.

हा चमत्कार नाही. सगळ्यांना फायदा झाला नाही आणि झालेला फायदाही बेताचाच होता. पण ‘काही उपाय नाही’ या वाक्यापेक्षा तो नक्कीच मोठा आहे.

आपल्याकडे हे कसे करता येईल? आधी ईसीजी आणि डॉक्टरांची परवानगी. मग सपाट रस्त्यावर, उन्हाआधी, पाच मिनिटे चालणे. आठवडाभर जमले तर सात मिनिटे. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग जास्त दुखत असेल, थकवा वाढला असेल, लघवीचा रंग गडद चहासारखा दिसत असेल तर थांबा. गडद लघवी दिसली तर लगेच डॉक्टरांकडे जा. पोहता येत असले तरी धरणाच्या पाण्यात एकट्याने उतरू नका.

धरणाकाठचा दिवस

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाण्याखाली जुनी गावठाणे गेली, तसे जुने रस्तेही गेले. समोर दिसणाऱ्या काठावर जायला एक तर लांबचा वळसा, नाही तर होडी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ज्याची मूठ अडकते, ज्याच्या पायात जोर नाही, त्याने लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये. घाई असो वा दवाखान्याची वेळ टळत असो.

शेतीपंपाला अनेकदा वीज रात्रीची मिळते. उसाला पाणी द्यायला रात्री दोन वाजता उठणारा निरोगी माणूसही दुसऱ्या दिवशी सुस्त असतो. स्नायूंचा आजार असलेल्याची झोप अशी मोडली तर पुढचे दोन दिवस जातात. घरात दुसरा कोणी असेल तर रात्रीचे पाणी त्याने धरावे आणि या माणसाने सकाळचे बसून करायचे काम घ्यावे. हिशेब, केळीच्या घडांची मोजदाद, जाळी विणणे-दुरुस्त करणे, दुकान. ही कामे घर चालवणारी आहेत, कमी दर्जाची नाहीत.

ज्याला दिवसा अनावर झोप येते त्याने मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवण्याआधी डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला घ्यावा. गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन जाताना लागलेली डुलकी फक्त चालकाचा जीव घेत नाही.

आणि घरातल्या बाईबद्दल. पुरुष पडून राहिला तर लोक निदान बोलतात तरी. बाई पडून राहू शकतच नाही. पहाटेची धार, पाणी, भाकरी, डबा, खुरपणी, पुन्हा धार. तिचा थकवा कोणाच्या नजरेस येण्याआधी तिच्या हातून भांडी पडू लागतात, आणि त्यावरही बोलणी खावी लागतात. सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्याला माझी विनंती आहे की तिला दवाखान्यात नेताना ‘हिला काम नको असतं’ अशी सुरुवात करू नका. तिला आधी बोलू द्या.

प्रमाणपत्रावर न दिसणारा थकवा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर अनेक सवलती आणि योजना मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढावे लागते. ते जरूर काढा, लाजू नका.

अडचण अशी की तपासणीत प्रामुख्याने सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद आणि हातापायांनी होणारी कामे पाहिली जातात. सकाळी अकरा वाजता, विश्रांती घेऊन आलेला माणूस खोलीत दहा पावले चालून दाखवतो. तोच माणूस दुपारी चारला घराच्या पायरीवर बसलेला असतो, हे त्या खोलीत दिसत नाही. माझे स्पष्ट मत आहे की जनुकीय तपासणीने निदान झालेल्या अशा आजारांत थकवा, दिवसाची झोप आणि श्वासाची क्षमता यांचीही मोजदाद व्हायला हवी. थकवा मोजता येत नाही हे म्हणणे आता टिकत नाही; वर सांगितलेल्या अभ्यासांत तो प्रश्नावलींनी मोजलाच होता.

नियम बदलेपर्यंत रुग्णाने एक करावे. सात दिवसांची साधी वही ठेवावी : कधी उठलो, काय काम केले, किती वेळाने थांबावे लागले, किती वेळा पडलो, दिवसा किती झोपलो. ती वही, श्वासाच्या चाचणीचा रिपोर्ट आणि ईसीजी तपासणीला सोबत न्यावा. कागदावर आलेली गोष्ट दुर्लक्षित करणे जरा अवघड जाते.

हे घराण्यात कसे उतरते?

मायोटोनिक डिस्ट्रॉफी आई किंवा वडील, कोणाकडूनही येऊ शकते. प्रत्येक मुलाला ती होण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. पुढच्या पिढीत ती अनेकदा लवकर आणि जास्त जोराने दिसते. आजोबांना फक्त लवकर मोतीबिंदू, वडिलांना चाळिशीत मुठीचा त्रास, मुलाला विशीतच थकवा, असा क्रम दिसू शकतो. आईला आजार असेल तर बाळ जन्मतःच फार अशक्त असण्याचा धोका असतो, म्हणून गर्भधारणेआधी सल्ला घ्यावा.

नात्यातल्या लग्नांमुळे वाढतात ते स्नायूंचे आजार वेगळे; त्यात आई-वडील दोघेही दोष वाहत असतात पण स्वतः निरोगी असतात. आपला आजार कोणत्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय कोणाला दोष देऊ नका. कळल्यावर तर दोष देण्यासारखे काही उरतच नाही. जनुक कोणी निवडून घेत नाही.

भावंडांना माहिती द्यायला संकोच वाटतो, सोयरिकी मोडतील अशी भीती असते. ती भीती मी समजू शकतो. तरीही एक सांगतो : ज्या भावाच्या हृदयातला अडथळा ईसीजीत वेळेवर सापडू शकला असता, त्याच्यापासून हे लपवणे सोयरीक मोडण्यापेक्षा महाग पडू शकते.

कोट्यवधींची औषधे आणि पाच साधे प्रश्न

दुर्मीळ आजारांसाठी देशाचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. त्यानुसार निवडक आजारांच्या रुग्णांना ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक केंद्र आहे. हे चांगलेच आहे. पण दुर्मीळ आजारांची सगळी चर्चा महागड्या औषधांभोवती फिरते, आणि ज्यांच्या आजारावर असे औषधच नाही ते चर्चेबाहेर राहतात. त्यांना हवे आहे ते स्वस्त आहे : हिमोग्लोबिनची तपासणी, वर्षातून एक ईसीजी, श्वासाची चाचणी, पायाला आधार देणारा पट्टा, आणि ऐकून घेणारा डॉक्टर.

यावर एक आक्षेप मी ऐकतो. बाह्यरुग्ण विभागात शंभर रुग्णांची रांग असते, एकाच्या थकव्याला वेळ कुठून द्यायचा? अडचण खरी आहे. पण वर दिलेले पाच शब्दप्रकार आशाताईंना आणि परिचारिकांनाही विचारता येतात. रांगेत असतानाच ते विचारून केसपेपरवर लिहिले तर डॉक्टरांचा वेळ वाढत नाही, वाचतो.

दुसरा आक्षेप घरातून येतो : “डॉक्टर, काही जण आजाराच्या नावाखाली काम टाळतात की.” टाळत असतीलही. पण निदान झालेल्या रुग्णाबाबत आधी तपासणी करावी आणि मग मत बनवावे. उलट क्रमाने गेलो तर बरा होऊ शकणारा रक्तक्षय किंवा रात्री अडणारा श्वास वर्षानुवर्षे ‘आळस’ म्हणून तसाच राहतो.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर आज एवढेच करा. त्याला किंवा तिला शांतपणे विचारा : दमायला होते, दम लागतो, झोप येते, मन लागत नाही की ताकदच नाही? उत्तर मध्येच न तोडता ऐका, लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

(हा लेख माहितीसाठी आहे. तपासण्या आणि औषधे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावीत.)